शॉट बदलायचा तो कशासाठी? विद्यार्थ्यांच्या म्युझिक व्हिडिओंचा आढावा

माध्यमशिक्षणात गाण्याचा व्हिडिओ हा आता ठरलेला प्रकल्प झाला आहे. ब्रिटनमध्ये ए-लेव्हलच्या मीडिया स्टडीजचे विद्यार्थी तो प्रात्यक्षिक म्हणून करत आले आहेत. आपल्याकडे मुंबई-पुण्यातल्या मास मीडियाच्या वर्गांत, फिल्म क्लबमध्ये आणि गॅदरिंगच्या निमित्तानं मुलं तो करतात. कारण उघड आहे. गाणं तीन-चार मिनिटांचं असतं, संवाद लिहायचे नसतात, जागेवर आवाज रेकॉर्ड करावा लागत नाही, आणि वर्गात कुणीतरी गाणारं किंवा वाजवणारं सापडतंच.

या प्रकल्पाच्या सूचनांमध्ये एक वाक्य बहुतेक वेळा असतं: वेगवेगळ्या प्रकारचे शॉट वापरा. सूचना चुकीची नाही, पण अर्धी आहे. कशासाठी वेगवेगळे, हे तिच्यात येत नाही. त्यामुळे व्हिडिओत लाँग शॉट येतो, क्लोज-अप येतो, जमिनीवर फोन ठेवून घेतलेला लो अँगल येतो, गच्चीवरून घेतलेला टॉप शॉट येतो. सगळे प्रकार हजेरी लावून जातात आणि गाणं होतं तिथंच राहतं.

आपली गीतचित्रणाची परंपरा, जगभरचे गाजलेले व्हिडिओ, अभ्यासकांचं लेखन आणि प्रत्यक्ष चित्रीकरणाचं गणित या चारही बाजूंनी या अर्ध्या सूचनेकडे पाहण्याचा हा प्रयत्न आहे. माझं मत आधीच सांगतो. शॉटमधला बदल हा गाण्यातल्या बदलाला दिलेलं उत्तर असावा. गाणं जिथं बदलत नाही तिथं शॉट बदलण्यासाठी वेगळं कारण हवं, आणि गाणं जिथं बदलतं तिथं शॉट तसाच ठेवायलाही कारण हवं.

प्रकारांची यादी आणि तिची मर्यादा

वर्गात शिकवली जाणारी यादी सगळ्यांच्या ओळखीची आहे. एक्स्ट्रीम लाँग शॉटपासून एक्स्ट्रीम क्लोज-अपपर्यंत चौकटीचे आकार, लो, हाय आणि टॉप असे कोन, पॅन, टिल्ट, ट्रॉली, झूम, हँडहेल्ड अशा हालचाली. शिवाय सजेशन, म्हणजे समोरच्याच्या खांद्यावरून घेतलेला शॉट, इन्सर्ट आणि पीओव्ही. ही नावं पाठ असायलाच हवीत, कारण सेटवर दिग्दर्शक आणि कॅमेरामन एकमेकांशी याच भाषेत बोलतात.

अडचण पुढे येते. ही यादी कथापटाच्या हिशेबानं तयार झाली आहे. कथापटात लाँग शॉट जागा सांगतो, मिड शॉट कृती दाखवतो, क्लोज-अप भावना दाखवतो. गाण्यात त्यांची कामं थोडी सरकतात. लाँग शॉट जागेबरोबर पूर्ण शरीर देतो, त्यामुळे नाच पाहायचा असेल तर तोच मुख्य शॉट ठरतो. हॉलिवूडमध्ये फ्रेड अस्टेअरनं आपला नाच डोक्यापासून पायांपर्यंत आणि कमीत कमी कटमध्ये दिसावा असा आग्रह धरला, त्याचं कारण हेच. लावणीचं चित्रण करतानाही हाच प्रश्न उभा राहतो. पाय चौकटीबाहेर गेले तर घुंगरू ऐकू येतात, पण तो आवाज कुठून येतोय ते दिसत नाही. दर दोन सेकंदांनी चेहऱ्यावर कट केला तर नर्तिकेनं शरीरात धरलेली लय संपादनाच्या टेबलावर तुटते.

मिड शॉट गायकासाठी सर्वांत कामाचा, कारण गाणाऱ्याचे हात त्यात येतात. आपल्याकडे हातांनी स्वर दाखवत गाण्याची सवय जुनी आहे, आणि रॅपमध्ये तर हात ताल धरतात. क्लोज-अपमध्ये श्वास आणि शब्द येतात. लिपसिंकची खरी परीक्षा तिथंच होते. प, फ, ब, भ, म ही ओठ मिटून उच्चारायची अक्षरं एका-दोन फ्रेमनं जरी चुकली तरी डोळ्याला खटकतात. लाँग शॉटमध्ये तेवढी चूक खपून जाते. इन्सर्टचं काम वाद्याचं. ढोलकीवरची थाप, गिटारच्या तारेवरचं बोट, हार्मोनियमचा भाता. हे शॉट कानाला जे ऐकू येतंय त्याचा उगम दाखवतात. त्यांच्याशिवाय वाद्य नुसतं पार्श्वसंगीत होऊन बसतं.

म्हणजे प्रत्येक आकाराचा शॉट गाण्यातला वेगळा थर पुढे आणतो: शरीर, हात, शब्द, वाद्य. यादी शिकवताना एवढी जोड दिली तरी तिचं रूप पालटतं. मग विद्यार्थी 'आता कुठला शॉट राहिला' असं विचारत नाही. 'या ओळीत मला काय ऐकवायचंय' असं विचारतो.

आपल्या गीतचित्रणाचा धडा

म्युझिक व्हिडिओवर बोलताना मुलं परदेशी उदाहरणं पटकन देतात. पण गाण्यासाठी शॉट लावण्याचा आपला अनुभव फार जुना आणि फार मोठा आहे, आणि तो अभ्यासक्रमात अजून पुरेसा आलेला नाही.

सुरुवातीच्या बोलपटांत गाणं चित्रीकरणाच्या वेळीच रेकॉर्ड होई. १९३१ च्या 'आलम आरा'च्या वेळी वादकांना कॅमेऱ्याच्या नजरेआड बसवावं लागे. १९३२ च्या प्रभातच्या 'अयोध्येचा राजा'त गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे स्वतः गायले. अशा व्यवस्थेत नट माइकपासून फार दूर जाऊ शकत नसे, आणि शॉट बदलायचा तर गाणं तोडावं लागे. न्यू थिएटर्सच्या १९३५ च्या 'भाग्यचक्र' आणि त्याच्या हिंदी आवृत्तीत, 'धूप छाँव'मध्ये, नितीन बोस यांनी गाणं आधी रेकॉर्ड करून सेटवर वाजवण्याची पद्धत आणली. त्यानंतर कॅमेरा मोकळा झाला. नट डोंगरावर जाऊ शकला, झोक्यावर बसू शकला, आणि एका ओळीच्या मध्येच कट घेता येऊ लागला. विद्यार्थी आज स्पीकर लावून मित्राला गाणं म्हणायला लावतात, तेव्हा ते त्याच पद्धतीनं काम करत असतात.

शॉटच्या आकारात किती ताकद असते, हे प्रभातनं १९३४ मध्येच दाखवलं होतं. व्ही. शांताराम यांच्या 'अमृतमंथन'मध्ये चंद्रमोहन यांच्या डोळ्याचा एक्स्ट्रीम क्लोज-अप टेलिफोटो लेन्सनं घेतला आहे. तो डोळा त्या पात्राची सत्ता आहे. म्हणूनच इतक्या वर्षांनी चित्रपटाचं नाव निघालं की तो शॉट आठवतो. त्या आकाराचा शॉट सतत वापरला असता तर त्याचं वजन उरलं नसतं.

१९५९ च्या 'कागज के फूल'मधलं रिकाम्या स्टुडिओतलं गाणं घ्या. छायाचित्रकार व्ही. के. मूर्ती यांनी आरशांवरून सूर्यप्रकाश वळवून वरून उतरणारा झोत तयार केला. गुरुदत्त आणि वहिदा रहमान एकमेकांपासून दूर उभे आहेत. त्यांच्यातलं अंतर लाँग शॉटमध्ये दिसतं आणि चेहऱ्यांवरची घालमेल जवळच्या शॉटमध्ये. दोघंही ओठ हलवत नाहीत; गीता दत्त यांचा आवाज त्यांच्या मनातला आहे. त्यामुळे लिपसिंकची चिंताच उरत नाही आणि सगळा भार अंतर, प्रकाश आणि कॅमेऱ्याच्या सावकाश पुढे जाण्यावर येतो. गायक कॅमेऱ्यासमोर अवघडून जात असेल अशा विद्यार्थी-चमूनं हे गाणं अवश्य अभ्यासावं.

विजय आनंद यांनी १९६५ च्या 'गाइड'मध्ये देव आनंद आणि वहिदा रहमान यांचं सांजवेळचं गाणं अगदी मोजक्या लांब टेकमध्ये घेतलं, छायाचित्रकार होते फली मिस्त्री. त्यात शॉट फारसा बदलत नाही, पण चौकट सारखी बदलत राहते: माणसं जवळ येतात, लांब जातात, पाठ फिरवतात. क्लोज-अप, मिड आणि लाँग हे तिन्ही आकार एकाच टेकमध्ये, नटांच्या हालचालीतून मिळतात. शॉटचं वैविध्य फक्त कटमधून येतं असं मानणाऱ्यांना यापेक्षा चांगलं उत्तर नाही.

याच्या उलट टोकाला १९९८ च्या 'दिल से'मधलं 'छैया छैया'. धावत्या गाडीच्या टपावर, नीलगिरीच्या डोंगरात, छायाचित्रकार संतोष सिवन यांनी घेतलेलं हे गाणं कटांनी भरलेलं आहे. तरी त्यात कुठं गोंधळ होत नाही, कारण गाडीची एक दिशा सगळ्या शॉट्सना बांधून ठेवते. बोगदा, दरी, वळण, नाचणाऱ्यांची रांग, सगळं त्या दिशेच्या संदर्भात समजतं.

नागराज मंजुळे यांच्या २०१६ च्या 'सैराट'नं हा वारसा करमाळ्याच्या रानात नेला. सुधाकर रेड्डी यक्कंटी यांचा कॅमेरा आणि अजय-अतुल यांचं संगीत यांची सांगड पाहताना लक्षात येतं, की स्लो मोशन तिथं सजावट म्हणून आलेलं नाही. वाद्यवृंदाचा विस्तार मोठा असताना पळणारं शरीर हळू होतं आणि रान रुंद होतं. 'झिंगाट'मध्ये मात्र कॅमेरा घोळक्यात शिरतो. एकाच चित्रपटातल्या गाण्यांना वेगवेगळे कॅमेरे मिळतात, कारण प्रत्येक गाण्याचा वेग आणि वृत्ती वेगळी आहे.

जगभरच्या व्हिडिओंचा पुरावा

म्युझिक व्हिडिओ हा स्वतंत्र प्रकार म्हणून पुढे आला तो दूरदर्शन संचासाठी. क्वीन या बँडचा 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'चा व्हिडिओ ब्रूस गॉवर्स यांनी १९७५ मध्ये काही तासांत चित्रित केला. गाण्यातल्या अनेक आवाजांच्या भागात पडद्यावर चार चेहरे एकत्र आणि नंतर एकावर एक येतात. आवाज वाढतात तसे तिथं चेहरेही वाढतात. १ ऑगस्ट १९८१ ला एमटीव्ही सुरू झालं आणि असे व्हिडिओ चोवीस तास दिसू लागले. आपल्याकडे दूरदर्शननं १९८८ मध्ये 'मिले सुर मेरा तुम्हारा' दाखवलं. त्यात भाषा बदलते तेव्हा प्रदेश बदलतो, माणसं बदलतात, दृश्य बदलतं. भीमसेन जोशींपासून सुरू होणारी ती साखळी म्हणजे गाण्याच्या रचनेवरून शॉट ठरवण्याचा अगदी सरळ आणि म्हणूनच शिकवायला उत्तम नमुना आहे.

पण या इतिहासातली विद्यार्थ्यांना सर्वांत उपयोगी गोष्ट वेगळीच आहे. गाजलेल्या व्हिडिओंपैकी बरेच फार थोड्या शॉट्सचे आहेत. सिनेड ओकॉनरचा १९९० चा 'नथिंग कम्पेअर्स टू यू', दिग्दर्शक जॉन मेबरी, मुख्यतः एका चेहऱ्याच्या क्लोज-अपवर उभा आहे. मॅसिव्ह अटॅकच्या 'अनफिनिश्ड सिम्पथी'त (१९९१) गायिका शारा नेल्सन लॉस एंजेलिसच्या रस्त्यावरून चालत जाते आणि कॅमेरा एका टेकमध्ये तिच्याबरोबर राहतो. रेडिओहेडच्या 'नो सर्प्रायझेस'मध्ये (१९९८) गायकाच्या काचेच्या शिरस्त्राणात पाणी चढत जातं, आणि चौकट त्याच्या चेहऱ्यावरून हलत नाही. ओके गो या बँडनं २००६ मध्ये आठ ट्रेडमिलवरचा नाच एका स्थिर कॅमेऱ्यासमोर एका टेकमध्ये केला आणि त्याला ग्रॅमी मिळालं. स्पाइक जोन्झ यांचा 'प्रेझ यू' (१९९९) चित्रपटगृहाबाहेर, अगदी किरकोळ खर्चात, गनिमी पद्धतीनं चित्रित झाला.

मिशेल गोंद्री यांचा 'स्टार गिटार' (२००२) तर विद्यार्थ्यांना आवर्जून दाखवावा. रेल्वेच्या खिडकीतून दिसणारा देखावा, एवढंच त्याचं दृश्य. पण प्रत्येक खांब, पूल, इमारत, डबा त्या संगीतातल्या एकेका आवाजाबरोबर येतो. गोंद्री यांनी आधी संत्री, काटे, पुस्तकं, पेले आणि बूट मांडून कुठला आवाज कुठल्या वस्तूनं दाखवायचा ते ठरवलं होतं. खर्च न करता, कॅमेरा हाती घेण्याआधी, गाणं डोळ्यासमोर मांडायचा हा मार्ग कुठल्याही वर्गात करता येण्याजोगा आहे.

या सगळ्या उदाहरणांचा अर्थ 'एकच शॉट घ्या' असा नाही. एका शॉटच्या व्हिडिओला एक ठाम कल्पना लागते आणि ती शेवटपर्यंत वाढत जावी लागते. चेहरा असेल तर त्यावर काहीतरी घडत जायला हवं, पाणी असेल तर ते चढायला हवं. ही वाढ नसेल तर एक लांब टेक कंटाळवाणा होतो आणि वैविध्याची मागणी करणारे शिक्षक बरोबर ठरतात.

मुंबईचं एक उदाहरण यात जोडायलाच हवं. कुर्ल्याच्या नेझीनं २०१४ मध्ये आपलं 'आफत' हे रॅप गाणं आयपॅडवर रेकॉर्ड केलं आणि व्हिडिओही आयपॅडवरच केला. पुढे त्याच्या आणि डिव्हाइन या दुसऱ्या रॅपरच्या वाटचालीतून २०१९ च्या 'गली बॉय' या चित्रपटाची प्रेरणा घेतली गेली. साधनं अपुरी असताना आपली वस्ती, आपले मित्र आणि आपला चेहरा हेच दृश्य होऊ शकतं, हे त्या व्हिडिओनं आपल्या शहरातल्या मुलांना दाखवून दिलं.

अभ्यासक काय म्हणतात

ब्रिटनच्या वर्गांत अँड्र्यू गुडविन यांचं १९९२ चं पुस्तक 'डान्सिंग इन द डिस्ट्रॅक्शन फॅक्टरी' अजून आधाराला घेतात. गाण्याचे शब्द आणि दृश्य यांचं नातं त्यांनी तीन प्रकारांत मांडलं: दृश्य शब्दांचं चित्र काढतं, दृश्य शब्दांत नवा अर्थ मिसळतं, किंवा दृश्य शब्दांकडे पाठ फिरवतं. गायकाच्या क्लोज-अपमागे बाजाराचं कारण असतं, हेही ते सांगतात, कारण रेकॉर्ड कंपनीला चेहरा विकायचा असतो. विद्यार्थ्यानं हे लक्षात घेतलं पाहिजे. तो क्लोज-अपचं प्रमाण व्यावसायिक व्हिडिओंवरून उचलतो, पण त्याच्यावर तो दबाव नाही. त्याच्या क्लोज-अपला गाण्यातलंच कारण असू शकतं.

कॅरल व्हर्नालिस यांच्या 'एक्सपीरियन्सिंग म्युझिक व्हिडिओ' (२००४) या ग्रंथाचा भर आणखी पुढचा आहे. व्हिडिओचं संपादन कथेची सलगता राखण्यासाठी नसून ते संगीतातले घटक ऐकू आणतं, असं त्या मांडतात. कट कधी तालावर बसतो, कधी सुरावटीच्या वळणावर, कधी शब्दावर, आणि या सगळ्यांत फिरत राहतो. वर्गात 'तालावर कट करा' एवढंच शिकवतात, तिथं हे वाचायला हवं. प्रत्येक कट तालावर बसला की तिसऱ्या आवर्तनापासून प्रेक्षकाला पुढचा कट आधीच कळतो.

डेव्हिड बोर्डवेल यांनी हॉलिवूडच्या चित्रपटांतल्या शॉटची सरासरी लांबी मोजली होती. १९३० ते १९६० या काळात ती साधारण ८ ते ११ सेकंद होती. शतकाच्या अखेरीस ती ३ ते ६ सेकंदांवर आली. आजचा विद्यार्थी याहूनही वेगवान दृश्यांत वाढला आहे. म्हणून त्याला वेग शिकवावा लागत नाही, थांबणं शिकवावं लागतं.

आवर्तन, सम आणि कट

आपल्याकडे लय मोजण्याचं जे साधन आहे ते या कामाला फार चांगलं लागू पडतं. मिनिटाला ९६ मात्रांच्या लयीतलं गाणं घेतलं तर केरव्याचं आठ मात्रांचं आवर्तन बरोबर ५ सेकंदांचं होतं. २५ फ्रेमच्या हिशेबानं १२५ फ्रेम. साडेतीन मिनिटांच्या गाण्यात अशी ४२ आवर्तनं बसतात. दर आवर्तनाला एक शॉट धरला तर ४२ शॉट, दोन धरले तर ८४. एका दिवसात, फोनवर, चार मित्रांच्या मदतीनं ८४ चांगले शॉट मिळत नाहीत. हा आकडा कागदावर आला की अर्धा गोंधळ तिथंच मिटतो.

मग गाण्याचा आराखडा करायचा. मुखडा कुठं सुरू होतो, अंतरा कुठं, मधलं संगीत कुठं, ध्रुवपद कितव्यांदा येतं, आवाज कुठं एकटा राहतो, कोरस कुठं जोडला जातो. प्रत्येक भागापुढे किती आवर्तनं आहेत ते लिहायचं. नंतरच त्या भागासाठी शॉटचा एक स्वभाव ठरवायचा. उदाहरणार्थ, पहिल्या अंतऱ्यात कॅमेरा स्थिर आणि दूर. ध्रुवपदाला मिड शॉट. मधल्या संगीतात वाद्यांचे इन्सर्ट. दुसऱ्या अंतऱ्यात हातात धरलेला कॅमेरा. आणि क्लोज-अप फक्त शेवटच्या ध्रुवपदात. ध्रुवपद तीनदा येतं आणि तिन्ही वेळा शब्द तेच असतात. शॉट बदलला तरच तिसऱ्यांदा ते वेगळं ऐकू येतं.

एखादा शॉट शेवटपर्यंत राखून ठेवणं, हा माझ्या मते विद्यार्थ्यांना देण्याजोगा सर्वांत मोलाचा सल्ला आहे. पहिल्या दहा सेकंदांत ड्रोन, स्लो मोशन आणि डोळ्याचा क्लोज-अप सगळं वापरून टाकलं की पुढच्या तीन मिनिटांत चढायला जागाच उरत नाही.

कट समेवर घ्यावा की आधी, यावरही विचार हवा. समेवर घेतलेला कट जोरकस वाटतो. समेच्या किंचित आधी घेतला तर नवा शॉट डोळ्यात स्थिरावतो आणि सम त्या शॉटमधल्या कृतीवर, म्हणजे थापेवर, पावलावर, मान वळवण्यावर पडते. दुसरा मार्ग अधिक संगीतमय आहे, कारण त्यात ताल माणसाच्या शरीरात दिसतो.

सेटवरचं शास्त्र

उत्तम आराखडाही प्लेबॅकच्या चुकीनं वाया जातो. आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. स्पीकर कॅमेऱ्याजवळ आणि गायिका ३४ मीटरवर असेल तर तिला गाणं एक दशांश सेकंद उशिरा ऐकू येतं. २५ फ्रेमच्या चित्रीकरणात ही अडीच फ्रेमची चूक झाली. लाँग शॉटमध्ये स्पीकर गायिकेजवळ, चौकटीबाहेर ठेवावा आणि सुरुवातीला तिनं टाळी वाजवावी, म्हणजे संपादनात दिसणाऱ्या टाळीवरून शॉट जुळवता येतो.

स्लो मोशनमध्ये ओठ जुळवायचे असतील तर ५० फ्रेमवर चित्रित करताना गाणं दुप्पट वेगानं वाजवावं लागतं. गायक घाईनं गातो, आणि २५ फ्रेमवर पाहिलं की ओठ मूळ गाण्याशी जुळतात, केस आणि कपडे मात्र संथ हलतात. कोल्डप्लेच्या 'द सायंटिस्ट'मध्ये (२००२) दृश्य उलटं चालतं आणि ओठ जुळतात, कारण ख्रिस मार्टिन ते गाणं उलटं म्हणायला शिकला होता. दिसायला सोप्या वाटणाऱ्या युक्तीमागे अशी तयारी असते.

फोनबद्दल तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. बरेच फोन चित्रित करताना फ्रेमचा वेग आपोआप कमी-जास्त करतात, त्यामुळे लांब टेकमध्ये ओठ हळूहळू सरकतात. वेग एकाच ठिकाणी बांधून ठेवणारं अ‍ॅप वापरावं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्यूबलाइटखाली शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं तर चित्र लुकलुकत नाही. आणि फोकस व एक्स्पोजर लॉक करावं, नाहीतर गायकानं हात पुढे केला की चेहरा उजळतो किंवा काळवंडतो.

चित्रीकरणाचा क्रमही महत्त्वाचा. पूर्ण गाणं एकदा लाँगमध्ये, एकदा मिडमध्ये, एकदा क्लोजमध्ये घ्यावं. साडेतीन मिनिटांच्या गाण्याचे तीन शॉट दोन-दोन टेकनी घेतले तरी २१ मिनिटांचंच साहित्य होतं, आणि संपादनात कुठलीही ओळ उघडी पडत नाही. हा मास्टर हाती आल्यावर उरलेला वेळ इन्सर्टना आणि त्या एका राखून ठेवलेल्या शॉटला द्यावा.

दोन माणसं एकमेकांकडे पाहत गात असतील तर १८० अंशांचा नियम पाळावाच. दोघांना जोडणाऱ्या कल्पित रेषेच्या एकाच बाजूला कॅमेरा राहिला नाही तर दोघंही एकाच दिशेला पाहत असल्यासारखे दिसतात. एकटा गायक कॅमेऱ्याकडे पाहून गात असेल तर हा नियम बराच सैल होतो. तिथं निदान ३० अंशांनी कोन बदलला किंवा चौकटीचा आकार ठळकपणे बदलला तरी कट सहज वाटतो.

उभी चौकट, गिंबल आणि ड्रोन

फोनच्या पडद्यामुळे उभी चौकट आली आणि तिनं लाँग शॉटचं गणित बदललं. उभ्या चौकटीत एक उभं माणूस पूर्ण आणि मोठं दिसतं, पण शेजारी उभा असलेला ढोलकीवाला बाहेर जातो. वादक एकमेकांच्या मागे-पुढे मांडावे लागतात. जिने, गल्ल्या, जुन्या वाड्यांचे बोळ, लोकलचे दरवाजे या जागा उभ्या चौकटीला छान मानवतात. हे बंधन कल्पक मुलांना नवं काहीतरी देऊ शकतं. आडव्या चौकटीत घेतलेला व्हिडिओ नंतर कापून उभा करणं हा मात्र दोन्हीकडून तोटा आहे.

गिंबलमुळे कॅमेऱ्याची तरंगती चाल स्वस्त झाली आणि जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी-व्हिडिओत ती दिसते. ती वाईट नाही, पण सगळ्या गाण्यांना मानवत नाही. अस्वस्थ, तुटक, वेगवान गाण्याला हातातला कॅमेरा जास्त सच्चा वाटतो, कारण धरणाऱ्याचा श्वास त्यात येतो. ड्रोनबाबत २०२१ चे नियम वाचून मगच तो उडवावा. २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनना सवलती आहेत, पण लाल, पिवळ्या आणि हिरव्या क्षेत्रांची विभागणी सगळ्यांनाच लागू आहे, आणि किल्ल्यांवर वेगळी परवानगी लागू शकते. त्याहून महत्त्वाचा प्रश्न कलेचा: आकाशातून पाहणारं हे कोण आहे, आणि गाण्यात त्याची गरज कुठं येते?

मग गुण कशाला द्यावेत?

चारही बाजूंचा पुरावा एकत्र पाहिला तर एक गोष्ट स्पष्ट होते. शॉटची संख्या किंवा प्रकारांची संख्या चांगल्या व्हिडिओची खूण नाही. 'गाइड'मधलं गाणं मोजक्या टेकमध्ये आहे, 'छैया छैया' असंख्य कटांत आहे, 'स्टार गिटार' एका खिडकीतून आहे, आणि तिन्ही ठिकाणी शॉट गाण्याच्या आतून आलेले आहेत.

म्हणून शिक्षकांना एक आग्रहाची विनंती. मूल्यमापनाच्या तक्त्यात 'विविध शॉटचा वापर' याऐवजी तीन गोष्टी विचारा. एक, विद्यार्थ्यानं गाण्याचा भागवार आराखडा चित्रीकरणाआधी केला का? दोन, निदान पाच शॉटबदलांसाठी तो गाण्यातलं कारण सांगू शकतो का? तीन, व्हिडिओत असा एखादा शॉट आहे का, जो योग्य जागेपर्यंत राखून ठेवला आहे? हे प्रश्न विचारले की यादी शिकवावी लागेलच, पण तिचा हेतू बदलेल.

विद्यार्थ्यांनी पहिला सराव कॅमेऱ्याशिवाय करावा. डोळे मिटून गाणं पुन्हा पुन्हा ऐकावं आणि प्रत्येक भागात आपण गायकापासून किती दूर आहोत असं वाटतं ते कागदावर लिहावं: रस्त्यापलीकडे, खोलीत समोर, की अगदी कानाशी. बहुतेक गाण्यांत हे अंतर तीन-चार वेळा बदलतं. तेच तुमचे लाँग, मिड आणि क्लोज शॉट. ते गाण्यानं ठरवलेले असल्यामुळे कमी असले तरी पुरतात, आणि 'हा शॉट इथंच का' असं परीक्षकानं विचारलं तर विद्यार्थ्याला गाण्यातली नेमकी जागा दाखवता येते.